मायच्या दाढेचा सीबीसीटी

मायची वरची दाढ रूट कॅनल होऊनही ठणकतच होती. लवंग दाबून कापूस वेचणं सुरू. साध्या एक्स-रेत काही सापडेना, म्हणून आज दर्यापूरहून अमरावतीला नेऊन सीबीसीटी, म्हणजे दाताजबड्याचा थ्रीडी एक्स-रे, काढला.

कानातले, मंगळसूत्र काढून पदरात बांधलं, हनुवटी टेकवली, मशीन डोक्याभोवती फिरलं, मिनिटाच्या आत खेळ खलास. "झालं बी? एवढ्याचेच पैसे?" प्रश्न रास्तच होता म्हणा.

पण कॉम्प्युटरवर पाहून पटलं. साध्या एक्स-रेत तिन्ही मुळं एकावर एक दिसतात. इथे डॉक्टर माऊस फिरवत दाढेचे मिलिमीटरहून बारीक काप दाखवत होते. गालाकडच्या पुढच्या मुळात केसासारखी दुसरी नळी, भरायचीच राहिलेली. टोकाशी हाडात काळा डाग. ही चौथी नळी बऱ्याच जणांना असते म्हणे. आधीच्या भरणीमुळे चित्रात पांढऱ्या रेघोट्या येतात, त्यामुळे मुळाला बारीक चीर आहे का, हे छातीठोक सांगता येत नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. असा डॉक्टर आपल्याला आवडतो बाप्पा! किरणं जास्त लागतात, म्हणून ऊठसूट हा फोटो काढायचा नाही, हेही बजावलं.

आता पुन्हा रूट कॅनल. मायचं सुरू झालं, "वेचणी झाल्यावर केलं तं नाही चालन का?"