एक्सेलमध्ये माणसं मरत नाहीत

आयर्लंडमध्ये महागडं नवं औषध सरकारी खर्चाने मिळायचं, तर आधी त्याच्या किंमतीचा आणि उपयोगाचा ताळेबंद तपासला जातो. ते तपासणं माझं काम. पूर्ण निरोगी जगलेलं एक वर्ष म्हणजे एक क्वाली. आजारपणात काढलेलं वर्ष त्याहून कमी भरतं. एका क्वालीमागे 45,000 युरोच्या आत खर्च बसला तर बरं, असा इथला संकेत. 2013 चा कायदा मात्र इतर बाबीही बघायला सांगतो, हे रेडिओवाल्यांना कधीच आठवत नाही.

तर एका कर्करोगाच्या औषधाची फाइल आली. चाचणी जेमतेम दोन वर्षांची, निम्म्याहून जास्त पेशंट अजून हयात. हिशोब मात्र 30 वर्षांचा. पुढच्या प्रत्येक वर्षी किती पेशंट हयात असतील, ते रेषा ओढून काढायचं. कंपनीने लॉग-नॉर्मल नावाची गणिती रेषा घेतली होती, तिची शेपटी लांबच लांब, म्हणजे काही पेशंट खूप वर्षं जगतात. वायबुल नावाची दुसरी रेषाही त्या दोन वर्षांवर तितकीच चपखल बसत होती, पण पुढे ती भराभर खाली येते.

मी आयरिश लोकसंख्येचा मृत्युदर शेजारी मांडला आणि बघतच राहिले. पंधराव्या वर्षानंतर कंपनीचे कर्करोगी त्याच वयाच्या धडधाकट माणसांपेक्षा कमी मरत होते! हे रोखायचं बटण फाइलमध्ये होतं, फक्त बंद करून ठेवलेलं. ते चालू केलं तशी क्वालीची किंमत चढली. वायबुल घेतल्यावर दुपटीच्या वर गेली.

बैठकीत सल्लागार डॉक्टर म्हणाले, "माझे दोन पेशंट तुमच्या त्या रेषेने चाललेले नाहीत." भला माणूस, पण आकडे मागितले की पेशंट सांगतो. तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरच्या इपिलिमुमॅब या औषधात असंच झालं होतं: साधारण तीन वर्षांनी रेषा सपाट झाली आणि पाचातला एक जण वर्षानुवर्षं जगत राहिला. लांब शेपटी दर वेळी कंपनीची लबाडीच असते असं नाही. बटण बंद ठेवणं मात्र लबाडीच.

आम्ही लिहिलं: या किमतीला नको, किमतीच्या मानाने उपयोगाचा हिशोब सुधारला तर विचार व्हावा. बातमी झाली, 'औषध नाकारलं'. एका पेशंटची मुलगी रेडिओवर रडली, एका खासदाराने संसदेत आवाज चढवला. पुढे बंद दाराआड घासाघीस होऊन औषध मंजूर झालं. सवलत किती, ते गोपनीय. त्यामुळे लोकांच्या लेखी आरडाओरडा केला म्हणून सरकार नमलं, आणि आम्ही निर्दयी ते निर्दयीच.

चाचणीचे पाच वर्षांचे आकडे अजून यायचे आहेत. ते आले की दोन्ही रेषांवर टाकून बघणार आहे. कोणी सांगितलेलं नाही, आणि किंमत तर ठरूनही गेली.