तुम्ही विचारलंत म्हणून: डोळे मिटल्यावर दिसलेला उजेड

शिथिलीकरणाचा तास संपतो, चटया गुंडाळल्या जातात, आणि कुणीतरी मागे रेंगाळतं. "मॅडम, आज हातपाय जड झाले, मग तांबूस उजेड दिसला. काही आध्यात्मिक असेल का हो?"

जडपणात गूढ काही नाही. योहानेस शुल्ट्झ या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं १९३२ साली पुस्तकरूपात मांडलेलं ऑटोजेनिक ट्रेनिंग, म्हणजे स्वतःला सूचना देत शिथिल होणं, तिथूनच सुरू होतं: 'माझा उजवा हात जड झालाय' असं मनाशी म्हणत राहायचं. स्नायू सैलावले की जड वाटतं, रक्तवाहिन्या रुंदावल्या की ऊब येते.

उजेड मात्र मी झटकून टाकत नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं १९३० साली सरळ लिहून टाकलं की ज्याला लोक विश्वाशी एकरूप होणं म्हणतात, तसलं काही मला स्वतःत सापडत नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. पण वाट दाखवली ती युंगनं, त्याच्या एकेकाळच्या स्विस सहकाऱ्यानं. १२ डिसेंबर १९१३ला तो टेबलापाशी बसला होता. फ्रॉइडशी फाटलेलं, मन सैरभैर. त्यानं स्वतःला मनातल्या चित्रांत सोडून दिलं, आणि पायांखालून जमीनच गेली. पाय टेकले ते मऊ, चिकट कशावर तरी. समोर गुहा, तिच्या तोंडाशी चामड्यासारख्या कातडीचा बुटका. त्याच्या बाजूनं अंग चोरून युंग आत शिरला, गुडघाभर बर्फगार पाण्यातून पलीकडे गेला.

त्या काळात भावना अनावर झाल्या की तो योगातले व्यायाम करायचा, पण मन थाऱ्यावर येईपर्यंतच. मग पुन्हा त्या चित्रांकडे. पतंजलींना चित्तवृत्ती शमवायच्या होत्या. युंगला मनातल्या त्या चित्रांशी बोलायचं होतं. आपल्याकडे हा फरक कुणी सांगत नाही, सगळ्याला सरसकट 'ध्यान' म्हणतात.

(छातीत धडधडलं, भीती वाटली तर डोळे उघडायचे, पाय फरशीला टेकायचे. तिथे हट्ट नको.)

तांबूस उजेडवाले ते काका त्याला आज्ञाचक्र म्हणत होते. मी म्हटलं, पुढच्या खेपेला नाव देऊ नका, नुसते जवळ जा. ते गेले. निघाला मागच्या अंगणातला पाणी तापवायचा बंब, आणि त्याच्या खालचा निखारा. शेजारी पाठमोरं कुणीतरी लाकडं सारत बसलेलं.

कोण, ते काकांनी अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.