आमची वाटचाल : फवाऱ्याकडून रोलरकडे

दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत अजून बिडाचे टब आहेत. सव्वाशे-दीडशे किलोचा टब लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचा, तर आधी न्हाणीघराच्या लाद्या फुटतात, मग जिन्याच्या. म्हणून टब जागेवरच नवा करायचं काम आम्ही धरलं. सुरुवातीला स्प्रे गन घेऊन घरोघरी जायचो. आज मुख्यतः घरच्या घरी रोलरने रंगवायचा संच विकतो, आणि त्यात रंगापेक्षा घासायचं सामान जास्त असतं.

‘टबाला पुन्हा एनॅमल करून द्या’ असं लोक म्हणतात. एनॅमल म्हणजे धातूवर सुमारे ८०० अंशांना वितळवून बसवलेली काच. ते भट्टीचं काम. घरी होतो तो दोन भागांचा रंग. गुळगुळीत काच रंगाला धरू देत नाही, सगळी झटापट तिथेच आहे.

काच खरबरीत करायला या धंद्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड वापरतात. आम्ही ते बंद केलं. ते कातडीवर पडलं तरी दुखायला कधीकधी काही तास लागतात, आणि तोवर आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. जुना रंग उतरवायचं मिथिलीन क्लोराइडही बाद केलं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टबातच साचते, आणि काम करणारा नेमका त्यात तोंड घालून घासत असतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब नवे करणाऱ्या १३ कारागिरांचे या वाफेने मृत्यू नोंदले गेले. २०१९ मध्ये तिथे रंग उतरवण्यासाठी त्याची घरगुती विक्री थांबवायचा नियम आला. शेवटी स्प्रे गनही सुटली. पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागात, आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. फवारताना त्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटाच लागतो, आणि तो कोणी घरी ठेवत नाही. म्हणून संचात इपॉक्सी रंग आणि चार इंची, आखूड लवेचा रोलर. खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर इपॉक्सी पिवळी पडते, हे विकतानाच सांगतो.

आता घासणं. सांध्यातलं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढा. त्याचा अंश राहिला की रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. जाळी आणि ओव्हरफ्लोची चकती खोलून ठेवा. बोअरच्या पाण्याचे क्षार असतील तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून अर्धा तास कापडाने भिजवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. साबणाचा ओशटपणा घासायच्या पावडरने जातो. टवके उडालेल्या जागी गंज खरवडून इपॉक्सी पुट्टी भरा आणि सुकली की १२० नंबरच्या सँडपेपरने सपाट करा. मग अख्खा टब २२० आणि ४०० च्या वॉटर पेपरने, ओलाच घासा. जुन्या एनॅमलमध्ये शिसं असू शकतं, कोरडी धूळ उडवू नका. झालं की पाणी ओता. पाण्याचे थेंब झाले तर तिथे तेल किंवा चमक शिल्लक आहे. सलग पत्र्यासारखं पसरलं तरच पुढे.

गळता नळ विसरू नका. एक थेंब ओल्या रंगावर ओघळला की सगळं परत घासावं लागतं, म्हणून नळाला पिशवी बांधा. गॅस गीझर बंद हवा, खिडकी उघडी. थिनरच्या वाफेला ज्योत पुरते. थिनरसाठी कार्बन फिल्टरचा मास्क घाला.

पाच फुटी टबाला दोन हात मिळून पाऊण लिटर रंग लागतो. तो अर्धा-अर्धाच कालवा. २५ अंशांना ४० मिनिटं टिकणारं मिश्रण ३५ अंशांना त्याच्या निम्म्या वेळात घट्ट होतं. तीन मिनिटं ढवळून दुसऱ्या डब्यात ओता आणि पुन्हा ढवळा. पहिल्या डब्याच्या कडेला हार्डनर न लागलेला रंग राहतो आणि तोच पुढे चिकट ठिपके करतो. पहिला हात इतका पातळ की खालचा टब दिसावा. लोकांना तो बघवत नाही, ते लगेच जाड थापतात आणि काठाखाली ओघळ येतात.

पावसाळ्यात आम्ही ‘थांबा’ म्हणतो. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते तापमान, साधारण २७ वर असतो, आणि टब त्याहून किमान ३ अंश गरम हवा. बीड रात्रभर गारच राहतं. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, आणि तो न धुता दुसरा हात दिला तर पापुद्रे सुटतात.

रंगवून झाल्यावर तीन दिवस पाणी नाही. त्यानंतरही चोषकांची रबरी चटई कधीच नाही; उचलताना ती रंग सोबत घेऊन येते. संडासचं अ‍ॅसिड आणि घासायची पावडर या रंगाला चालत नाही.

आणि टब फायबर किंवा अ‍ॅक्रिलिकचा असेल, तर विकण्याआधी एकच विचारतो : आत उभं राहिल्यावर तळ दबतो का? दबत असेल तर खालून आधार भरेपर्यंत संच देत नाही. लवचीक तळावर हा रंग महिन्या-दोन महिन्यांत तडकतो.