जपानी 'न्' जिभेवर बसवताना

जपानीचा क्लास लावला तेव्हा हिरागाना (जपानीची मूळ लिपी) बघून बरं वाटलेलं, आ ई ऊ ए ओ मग का सा ता ना, क्रम बराचसा आपल्या वर्णमालेसारखाच, आणि सगळ्यात शेवटी एकटंच पडलेलं 'न्', दिसायला इंग्रजी छोट्या एचला तिरकं केल्यासारखं. प्रत्येक अक्षर एकेकदाच वापरणाऱ्या जुन्या इरोहा कवितेत 47 अक्षरं येतात, त्यात हे बिचारं नाहीच.

अर्धं काम मराठी माणसाला फुकटात होतं. शिंबुन म्हणजे पेपर, तिथे 'न्'चा म् होतो, गिंको म्हणजे बँक, तिथे ङ्. आंबा, अंक म्हणत मोठे झालेल्यांना हे वेगळं काय शिकवायचं! (टोक्योत शिंबाशी स्टेशनच्या पाटीवर रोमनमध्ये चक्क एम आहे.) देन्वा म्हणजे फोन, तेही 'संवाद'सारखं जमून जातं.

गोची होते ती पुढे स्वर आला की. हजार येन म्हणजे सेन्-एन, पण आपली जीभ लगेच टाळूला चिकटते आणि 'सेनेन' बाहेर पडतं. किनेन म्हणजे आठवणीप्रीत्यर्थ आणि किन्-एन म्हणजे धूम्रपान बंद, आता बोला. सेन्सेईंचं (आमच्या शिक्षकांचं) एकच, जीभ वर लावायचीच नाही, आवाज नाकातून सोडा. ऐकायला सोपं हो, पण होईना. शेवटी मी 'संयम' पकडला, त्यात अनुस्वाराला जीभ कुठेच टेकत नाही, मग आधी 'सेंयेन' म्हणायचं आणि हळूहळू तो य पुसट करत न्यायचा, रोज मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकायचं, स्वतःचा आवाज ऐकवत नाही तरी ऐकायचं.

दुसरी भानगड मात्रेची. आपण अनुस्वार आधीच्या अक्षरात उरकून टाकतो, तिकडे 'न्'ला अख्खा एक ठोका द्यावा लागतो. निहोन (म्हणजे जपान) तीन ठोके, शिंबुन चार, शि-न्-बु-न्. टेबलावर बोटाने ताल धरून म्हटलं की फरक लगेच कळतो, माझ्या मते क्लासमध्ये हे पहिल्याच आठवड्यात करून घ्यायला पाहिजे. काताकाना या दुसऱ्या लिपीतलं 'न्' आणि 'सो' जुळे भाऊ आहेत, पण ते लिहिण्याचं दुखणं (लांब रेघ 'न्'ची खालून वर, 'सो'ची वरून खाली, बास).

आता सेन्-एन नीट येतं. पण गेन्-इन म्हणजे कारण, आणि आमच्या बॅचमध्ये घाईत बोलताना अजून कोणीतरी 'गेनिन' म्हणतंच, म्हणजे खालच्या दर्जाचा निंजा 😄