अडकलं तर फक्त वजन जावं

खडकाळ जागी गरवणाऱ्यांचं, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांचं, निम्मं सामान तळाशी जातं. मासा तोडून घेऊन गेला तर हळहळ वाटते, राग येत नाही. पण गळ खाली नेणारं वजन कपारीत जाऊन बसलं की रॉड डावीकडे न्या, उजवीकडे न्या, ढिम्म हलत नाही. शेवटी दोर तोडावाच लागतो. वजनाबरोबर गळ जातात, आमिष जातं, दोराला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या (स्विव्हल) जातात, आणि कित्येक मीटर नायलॉन तळाशी पडून राहतं. ते कुजत नाही. खेकडे, पक्षी, कासवं त्यात अडकतात. सामानाच्या खर्चापेक्षा मला याचाच जास्त त्रास व्हायचा.

यावर जुनाच एक उपाय आहे. वजन मुख्य दोराला थेट न बांधता कच्च्या दोऱ्याने बांधायचं. अडकलं की कच्चा दोरा तुटतो, वजन जातं, बाकी सगळं परत येतं. बोटीतून सरळ खाली सोडायचं असेल तर हे छान चालतं. काठावरून लांब फेकायचं असेल तर हाच उपाय जिवावर बेततो, कारण फेकताना दोरावर येणारा ताण वजनाच्या कित्येक पट असतो. दर २८ ग्रॅम वजनामागे दोराची ताकद साधारण साडेचार किलो हवी, असा एक ठोकताळा लांब फेकणारे पाळतात. म्हणजे ११२ ग्रॅमचं वजन फेकायचं तर वजनाजवळचा पुढचा दोर १८ किलोचा. तिथे कच्चा दोरा हवेतच तुटतो आणि लोखंडाचा गोळा कुणाच्याही डोक्याच्या दिशेने सुटतो.

म्हणजे हवं होतं असं काही, जे फेकताना घट्ट धरेल आणि पाण्यात पडताच आपणहून सोडून देईल. मी बनवून विकते ती क्लिप एवढंच करते. स्टीलच्या एकाच तारेचा तो आकडा आहे. वजनाची कडी आकड्यात अडकवायची. शेजारून वजनाला एक कच्चा दोरा बांधलेला असतो, पण तो सैल. फेकताना सगळा ताण तारेवर. वजन पाण्यावर आपटलं की क्षणभर दोर सैल पडतो, तारेचीच एक भुजा कडीला बाहेर ढकलते, आणि त्यानंतर वजन फक्त कच्च्या दोऱ्यावर लटकतं. अडकलंच तर तेवढं एक वजन तुटतं.

पहिली क्लिप पक्कडीने वाकवली आणि ती चालली. खरं काम सुरू झालं ते दुसऱ्या क्लिपपासून, कारण दुसरी पहिलीसारखी होईना. स्प्रिंगची तार वाकवून सोडली की थोडी परत उलटते. काटकोन हवा असेल तर काटकोनाच्या पुढे वाकवावी लागते, आणि किती पुढे ते तारेची जाडी, तिचा कडकपणा आणि वळणाची गोलाई यांवर ठरतं. एका गुंडाळीवर बसवलेलं माप दुसऱ्या गुंडाळीला लागू पडेलच असं नाही. मग लोखंडी पट्टीत खुंट्या ठोकून वाकवायचा साचा केला. त्यातली एक खुंटी मुद्दाम सरकती ठेवली आहे. नवी गुंडाळी उघडली की आधी दोन-चार तुकडे वाकवून बघायचे, खुंटी केसभर पुढे-मागे करायची, मगच कामाला लागायचं. हा साचा माझ्या लेखी क्लिपपेक्षा मोठा शोध आहे. क्लिप कुणीही हातात घेऊन नक्कल करेल. साचा बसवायला हात मुरावा लागतो.

तारेबद्दल एक सांगते, कारण बरेच जण विचारतात. स्टेनलेस स्टील म्हणजे गंजत नाही, हा समज खाऱ्या पाण्यात टिकत नाही. ३०४ जातीच्या तारेवर मिठाने बारीक खड्डे पडतात, आणि स्प्रिंग नेमकी तिथेच तुटते. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, त्यामुळे ती जास्त तग धरते. मी ३१६ वापरते. गोड्या पाण्यात गरवणाऱ्यांना हा फरक जाणवणारही नाही, तरी दोन प्रकार करून गोंधळ वाढवायचा नाही असं ठरवलं.

प्रत्येक क्लिप तपासूनच पाकिटात जाते. टेबलावर दोराला क्लिप, क्लिपला वजन. उचललं की धरलं पाहिजे, थोडं झुलवलं तरी धरलं पाहिजे, आणि वजन टेबलाला टेकून दोर सैल झाला की कडी सुटलीच पाहिजे. भुजेचा जोर लटकत्या वजनापेक्षा कमी हवा, नाहीतर कडी बसायचीच नाही. फार कमी असेल तर पाण्यात पडल्यावर सुटणार नाही. या दोन टोकांमध्ये जी बसत नाही ती भंगारात. धाकटा भाऊ पाकिटं भरतो. तो म्हणतो, "ताई, शंभरात दहा तपासल्या तरी चाललं असतं." मला नाही पटत. ज्याच्या हाताला न सुटणारी क्लिप लागेल, त्याच्यासाठी ती शंभरातली एक नसते.

इथे मला नेहमी लॉरी रापाला आठवतात. फिनलंडचा हा मच्छीमार. १९३६ मध्ये त्याने बुचाचा खोटा मासा कोरला, चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी त्यावर चढवली आणि फोटोच्या फिल्मची निगेटिव्ह वितळवून वरून थर दिला. घरात जे होतं त्यातूनच. पुढे त्याचा मोठा कारखाना झाला, पण प्रत्येक आमिष पाण्याच्या टाकीत पोहवून बघायची पद्धत सुटली नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या लाइफ मासिकाने त्यावर लेख छापला आणि मागणीचा पूर आला. त्या वेळी तपासणी सोडून देणं किती सोपं होतं! मला त्या टाकीबद्दल फार आदर आहे.

पेटंटचं म्हणाल तर मी काढलं नाही. सगळ्यांना पहिला प्रश्न हाच पडतो, म्हणून नीट सांगते. पेटंट मिळायला वस्तू जगात कुठेही आधी जाहीर झालेली नसावी लागते. स्वतः विकली, व्हिडिओ टाकला, प्रदर्शनात दाखवली, तरी बऱ्याच देशांत नवेपण संपतं. म्हणून अर्ज आधी, बोभाटा नंतर. पेटंटचे जुने कागद इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मी ते चाळले तेव्हा पाण्यात पडताच वजन सोडणाऱ्या कितीतरी युक्त्या सापडल्या. कल्पना माझ्या एकटीची नव्हती, फक्त तार वाकवायची पद्धत माझी होती. पण त्याच चाळण्याचा एक फायदा झाला. पेटंट साधारणपणे अर्जापासून वीस वर्षं टिकतं, तेही फी भरत राहिलं तर. त्यापेक्षा जुन्या युक्त्या कुणीही वापराव्यात. कुठल्या वाटा मोकळ्या आहेत ते कळलं, आणि कुणाच्या चालू हक्कावर आपला पाय पडत नाही याचीही खात्री झाली. पैसे मी क्लिपचं नाव (ट्रेडमार्क) नोंदवण्यावर आणि चांगल्या तारेवर घातले.

हिशेबाचं एकच सांगण्यासारखं आहे. तार स्वस्त असते, मिनिटं महाग. क्लिपची किंमत तारेवरून काढली तर आपण फुकट राबतो. वाकवणं, टोकं घासणं, तपासणं, भंगारात गेलेल्या, पाकीट, टपाल, दुकानदाराचा वाटा, हे सगळं धरून जो आकडा येतो तो सुरुवातीला आपल्यालाच जास्त वाटतो. तरी तोच लावायचा. मित्रांना फुकट वाटताना कुणी खोट काढत नाही. पैसे मोजलेला माणूस मात्र खरं बोलतो.

अशाच एका गिऱ्हाईकाने, वयस्कर गृहस्थ होते, मला समोर बसवून दाखवलं. बोटं संधिवाताने वाकडी. गार वाऱ्यात उभे असल्यासारखं करून त्यांनी कडी आकड्यात घालायचा प्रयत्न केला. तारेचं टोक कडीच्या काठावरून घसरायचं, पुन्हा घसरायचं. ते काही बोलले नाहीत, फक्त क्लिप माझ्या पुढ्यात ठेवली. मी आकड्याचं टोक दीड मिलिमीटरने लांबवलं आणि जरासं बाहेर वळवलं. आता हातमोजे घालूनही कडी बसते. त्यानंतर विक्री वाढली, पण मला जास्त आनंद त्यांनी पुन्हा मागवल्याचा झाला.

एका व्यापाऱ्याने मोठी मागणी दिली होती. अट अशी, की तपासणी सोडा आणि दर उतरवा. मी नाही म्हटलं. घरात त्यावर बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

वजनाबद्दलही माझं मत ठाम आहे. तुटून तळाशी राहील असंच जर आपण बांधत असू, तर ते शिशाचं असू नये. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं विकायला बंदी आहे, कारण राजहंस ती खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. मोठं वजन कुणी गिळत नाही हे खरं, पण शिसं ते शिसंच. लोखंडाचं वजन तेवढ्याच ग्रॅमच्या शिशापेक्षा सुमारे दीडपट जागा घेतं, हवेत थोडं कमी जातं. पाण्यात १०० ग्रॅम शिशाचा भार ९१ ग्रॅम भरतो, लोखंडाचा ८७. एवढ्या फरकाने मासा यायचा थांबत नाही. पाकिटातल्या चिठ्ठीवर मी हे छापते, आणि कच्चा दोरा मुख्य दोराच्या निम्म्याहून कमी ताकदीचा घ्या, हेही.

सध्या ४० ग्रॅमच्या आतल्या वजनांसाठी बारीक तारेची क्लिप करते आहे. एवढं हलकं वजन भुजेला पुरेसं दाबत नाही, त्यामुळे झुलवताना कडी सुटते. ०.६ मिलिमीटरची तार घेतली तर धरते, पण जोरात फेकल्यावर आकडा उघडतो. वळणाची गोलाई वाढवून बघायची आहे. हलकं वजन घेऊन खडकात गरवणारं कुणी असेल तर नमुने पाठवते. कुठे आणि कशी फसली तेवढं कळवा.