साहेबांची गाडी फाट्यावरून वळली

अचानक भेट म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. नोकरीभर मी तेच केलं. एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका, आधीच्या भाषेत मुख्यसेविका. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला पंचवीसेक अंगणवाड्यांचा बीट, एसटी मिळाली तर एसटी, नाही तर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं, आणि खांद्याच्या पिशवीत डबा न् भेटीची टिपणं. आता निवृत्त होऊन बीडला घरी असते. तरी हा विषय डोक्यातून जाईना, त्याला कारण माझी लेक. ती इंग्लंडात लेस्टरला असते आणि स्वतःच्या घरी दुसऱ्यांची पोरं सांभाळते. तिकडं अशा बाईला चाइल्डमाइंडर म्हणतात. रीतसर नोंदणी लागते, आणि नोंदणी आली की तपासणी आलीच.

मागच्या महिन्यात तिला ऑफस्टेडचा फोन आला. ऑफस्टेड म्हणजे तिकडं शाळा आणि बालसंगोपनाच्या जागा तपासणारं सरकारी खातं, 1992 सालचं. फोनवरच्या बाईंनी कोणत्या वारी किती पोरं असतात ते विचारून घेतलं आणि पाच दिवसांच्या आत तपासणी होईल म्हणून सांगितलं. लेकीनं रात्री मला फोन लावला तो रडकुंडीला येऊनच. "आई, इतकी वर्षं कुणी फिरकलं नाही, आन् आत्ताच कामून?" त्याच आठवड्यात तिच्याकडं एक वर्षाची नवी पोर आली होती. आईनं दार ओढून घेतलं की पोरगी जी सूर धरायची ती जेवणापर्यंत. दुसऱ्याला दाढा फुटत होत्या. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि नळवाला म्हणे गुरुवारीच मोकळा.

मी हसले, तर तिला राग आला. पण सोयीच्या वेळी आलेली तपासणी मी उभ्या जन्मात बघितलेली नाही.

मग मी तिच्याकडून तिकडचे नियम नीट समजून घेतले. सवय जात नाही. तिकडं एकट्या चाइल्डमाइंडरला आठ वर्षांखालची सहाच मुलं ठेवता येतात. त्यातली पाच वर्षांखालची जास्तीत जास्त तीन, आणि साधारणपणे एक वर्षाखालचं एकच. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची पोलीस-चौकशी होते, म्हणजे आमचे जावईही त्यातून गेलेले. तपासणी आधी सहा वर्षांच्या टप्प्यात एकदा तरी व्हायची, ते अंतर एप्रिल 2026 पासून चार वर्षांवर आणायचं ठरलं. मोठ्या नर्सरीला फोन येतो तो आदल्या कामाच्या दिवशी, दुपारच्या सुमाराला. चाइल्डमाइंडरला मात्र पाच दिवसांपर्यंत आधी कळवतात. कुणाची तक्रार गेली असेल तर फोनबिन काही नाही, थेट दारावर थाप.

घरी पोरं सांभाळणारीला जास्त दिवस का, असं मी विचारलं. लेक म्हणाली, "मी एकटी ना गं. सकाळी मोठ्यांना शाळेत सोडायला जाते, मग बागेत, बुधवारी लायब्ररीत. त्या येऊन दार वाजवणार कुणापुढं?"

हे ऐकलं आणि मला आमच्या बीटातली कुलपं आठवली.

आमच्याकडं अंगणवाडीत सेविका एक आणि मदतनीस एक. मदतनीस माहेरच्या लग्नाला गेली की सेविका एकटीच. तिनं पोरांना शिकवायचं, खिचडीकडं बघायचं, वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचं, लसीकरणाला बाया गोळा करायच्या, वर पंचायत समितीत अहवाल नेऊन द्यायचा. उन्हाळ्यात घागर घेऊन टँकरच्या रांगेतही तिलाच उभं राहायचं, कारण पोरांना प्यायला पाणी तर पाहिजे. नेमकी त्या वेळी वरची गाडी आली की शेरा ठरलेला, "भेटीच्या वेळी अंगणवाडी बंद आढळली." सरकारी मराठीतलं याहून आळशी वाक्य मला माहीत नाही. त्यावर नोटीस, नोटिशीवर खुलासा, आणि खुलासा मान्य होईपर्यंत मानधन लोंबकळत.

कुलूप दिसलं की मी आधी शेजारच्या ओसरीवर टेकायचे आणि पाणी मागायचे. पाणी देणारी बाई आपणहून सांगायची. "बाई टँकरवर गेल्यात, आत्ता येतेल," हे एक. आणि "आवं, चार दिस झालं उघडलीच न्हाई की," हे दुसरं. दोन्ही ऐकलीत. उंबऱ्यापाशी खाली बघायचं. खिचडीची वाळलेली शितं आणि त्यांना लागलेल्या मुंग्या दिसल्या की काल इथं पोरं जेवली, हे कळायला रजिस्टर उघडावं लागत नाही. उंबरा कोरा असला आणि कडीला कोळिष्टक असलं तर मात्र मीही नोटीस काढलेली आहे, आणि बिनधास्त काढलेली आहे. सहीपुरत्या येणाऱ्या बाया नव्हत्या असं नाही. अचानक भेट बंद करा असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे.

फक्त तिच्यातली गंमत सांगते. अचानक भेट ही एकाच गावाला अचानक असते. साहेबांची गाडी फाट्यावरून आत वळली की टपरीवाल्यापासून बातमी निघायची. मोबाइल नव्हते तेव्हा दूधवाला सायकल हाणत पुढं जायचा, पुढं मिस कॉल आले. पहिल्या गावात पोरांची नाकं वाहतायत, फळा कोरा, खिचडी अजून चुलीवर. दुसऱ्या गावात जाईपर्यंत पोरांच्या डोक्याला तेल आणि सगळ्यांचे भांग पाडलेले. तिसऱ्या गावात पट शंभर टक्के हजर, कारण शाळेतली तिसरी-चौथीची पोरंही सतरंजीवर आणून बसवलेली, गुडघे हनुवटीला लागलेले. साहेब तिसऱ्या सेविकेचं कौतुक करून जायचे आणि पहिलीला झापायचे. मी म्हणून शेवटच्या वाडीपासून सुरुवात करायचे. तिथं मोटरसायकल जायची नाही, चालत जावं लागायचं, त्यामुळं बातमी माझ्यापुढं जाणं अवघड होतं.

तासाचं सोडा, भेटीचा महिनाही बघावा लागतो. आमच्या डोंगरपट्ट्यातलं अर्धं गाव दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला जातं. मुकादमाची उचल उन्हाळ्या-पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते, ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि शाळेत न जाणारी सगळी पोरं ट्रकवर भांड्याकुंड्यांबरोबर. ती पोरं पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, फडाच्या कडेला कोपीत वाढतात. गाव पुन्हा भरतं ते गुढीपाडव्याच्या आगंमागं.

अशाच एका डिसेंबरात वरून एक साहेब आले. पट अडतीस, हजर अकरा. त्यांनी टिपण काढलं, पट फुगवलेला आहे. सेविका भिंतीला टेकून उभी, तोंडातून शब्द नाही. मी साहेबांना म्हटलं, दहा मिनिटं पायी चला. वस्तीवर नेलं. ओळीनं दारं बंद, कुत्री-शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून उंबऱ्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या लावलेल्या. एका ओट्यावर म्हातारी बसलेली, तिच्यापाशी एकच नातू, कारण त्याचा पाय भाजलेला म्हणून तेवढा मागं ठेवलेला. साहेबांनी तिला विचारलं, बाकीचे कुठायत? म्हातारी म्हणाली, "कारखान्यावर. तुमी पाडव्याला या की, समदे घावतेल." साहेबांनी शेरा खोडला नाही, पण खाली "स्थलांतर" असा एक शब्द घातला. तेवढ्यानंही त्या सेविकेचं काम भागलं.

आणखी एक गोष्ट. माझ्या बीटात बऱ्याच अंगणवाड्यांना इमारतच नव्हती. काही मारुतीच्या देवळात, आणि कितीतरी सेविकेच्या स्वतःच्या ओसरीवर. तिथं तपासायला जायचं म्हणजे कुणाच्या तरी घरात शिरायचं. एका अंगाला सतरंजीवर पोरं, दुसऱ्या अंगाला बाजेवर खोकणारा सासरा. तुळईला अडकवलेला वजनाचा काटा आणि त्याच्या झोळीत दीड वर्षाचं लेकरू. ते हमखास बिथरतं, पाय झाडतं, काट्याची सुई थरथरत राहते, आणि सेविका झोळीला आधार न देता एक हात नुसता जवळ धरून तोंडानं "हो हो हो, झालं झालं" करत सुई थांबायची वाट बघते. वजन खरं घेतलं जातंय की मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवलेत, ते त्या थांबण्यात दिसतं. घाईची बाई सुई थांबू देत नाही. तोवर आतून चहाचं आधण टाकल्याचा वास यायचा. पोरांची खिचडी वाढून झाल्याशिवाय मी चहा घ्यायचे नाही. सासवांना त्याचा राग यायचा, सेविकांना नाही.

आता म्हणे गाडीची गरजच राहिली नाही. मार्च 2021 मध्ये पोषण ट्रॅकर आला, सेविकेनं रोज अंगणवाडी उघडल्याची नोंद मोबाइलवर करायची. जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटासाठी लाभार्थ्याचा चेहरा त्या ॲपनं ओळखायला लागतो. माझ्या जुन्या सेविका फोन करून सांगतात, डोंगरात रेंज नाही, मग टेकाडावर जाऊन उभं राहायचं. तपासणी रोजचीच झाली. पण शेजारच्या ओसरीवर बसून पाणी मागण्याची सोय त्या ॲपात नाही.

असो. लेकीचं सांगते. मी तिला म्हटलं, नळ राहू दे गळका, खाली बादली ठेव. नव्या पोरीला त्या दिवशी गप्प करण्यासाठी टीव्ही लावू नकोस, नेहमी जे करतेस तेच कर. आणि दाराला चिठ्ठी लावत जा, शाळेत सोडायला गेलेय, इतक्या वाजता येते. तपासणीसाठी म्हणून नाही, एरवीही. माझ्या शहाण्या सेविका खडूनं दारावरच लिहायच्या.

तपासनीस बाई आल्या मंगळवारी सकाळी. पोरगीनं सूर लावलाच. लेक तिला कडेवर घेऊन एका हातानं बाकीच्यांची केळी कापत राहिली. त्या बाई गालिच्यावर मांडी घालून बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, ही अशी किती वेळ कडेवर राहते? लेक म्हणाली, "तिला उतरावंसं वाटेपर्यंत." अकराच्या सुमाराला पोरगी आपणहून उतरली आणि त्या बाईंच्याच पिशवीत हात घातला. बाईंनी पिशवी सरकवली नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. माणूस कामातला होता.

पूर्वी तिकडं सगळ्या कामाला मिळून एका शब्दाचा शेरा मिळायचा. नोव्हेंबर 2025 पासून तो गेला, आता वेगवेगळ्या बाबींना वेगवेगळा दर्जा देतात. लेकीला बहुतेक ठिकाणी "अपेक्षित दर्जा" मिळाला, पोरांच्या मायेच्या बाबतीत एक पायरी वरचा. नळवाला ठरल्याप्रमाणे गुरुवारी आला.

हे सगळं मी आमच्या गल्लीतल्या पाळणाघरवालीला सांगितलं. तिच्या दोन खोल्यांत अकरा पोरं असतात, शिक्षकांची, बँकेतल्या बायांची, एक नर्सबाईची. चांगली सांभाळते, मी जाता-येता डोकावते, वासावरूनच कळतं. पण तिच्याकडं आजवर कुठल्याच खात्याचं कुणी आलेलं नाही, ना अचानक, ना सांगून. इंग्लंडात पाच वर्षांखालची तीनच ठेवता येतात म्हटल्यावर ती लाटणं हातात घेऊनच हसत सुटली. "तीन पोरांच्या फीत घरमालकाचं भाडं तरी निघंल का, काकू?"

मग जरा वेळानं म्हणाली, "पण कुणी तरी यावं बघा. निदान आठ पोरांच्या वर घेऊ नको म्हणून एवढं लिहून दिलं, तर पोरांच्या आयांना दाखवायला तरी होईल. मी नाही म्हटलं की त्यांना राग येतो."