गल्लीचा उतार

15 सप्टेंबर, रविवार
वडगाव, बेळगाव. रात्रीचे साडेअकरा.

उद्या कॉलेजात इंजिनीअर्स डेचा कार्यक्रम आहे. दोन मिनिटं बोलायचंय, विषय 'मी सिव्हिल का निवडलं'. दुपारी इंग्रजीत लिहून टाकलं. वाढती शहरं, स्मार्ट सिटी, शाश्वत विकास, देशाची उभारणी, सगळं घातलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "छान आहे. पण ह्यात तू कुठायस?"

खरं ते इथे लिहितो. मी सिव्हिल निवडलं नाही, सिव्हिल मला मिळालं. केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकातल्या प्रवेश परीक्षेचा, रँक कम्प्युटर सायन्सला पुरला नाही आणि सिव्हिलच्या जागा नेहमीसारख्या रिकाम्या होत्या. मित्रांनी विचारलं की मी सांगायचो, "2019 ला आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हाच ठरवलं." ऐकायला बरं वाटतं. पण तेव्हा मी दहावीत होतो आणि त्या दिवशी मी एवढंच ठरवलं होतं की पुन्हा कधी ह्या घरात राहायचं नाही.

पाणी शिरलं हे मात्र खरं. ऑगस्टचा पहिला आठवडा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगलेल्या, जिल्हाभर हाहाकार. आमच्या गल्लीत नदी नाही, पण पूर्वेला शिवारातून बळ्ळारी नाला जातो. तो तुंबला की गटाराचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे येतं. पहाटे चारला आज्जीने हाक मारली, "उठा रे, पाणी येऊलंय!" आम्हाला वाटलं नळाला आलं. आमच्याकडे नळाला पाणी आलं म्हणूनही लोक असेच ओरडत उठतात.

घरातल्या दोन पॉवरलूमपैकी मागच्या मागावर अर्धी विणलेली साडी होती, मोरपंखी, जरीच्या काठाची. मोटर खाली असते, ती गेली. कापडाचा रूळ निम्मा भिजला. आईने ते कापड चार वेळा धुतलं तरी कडेची मातकट रेघ काही गेली नाही. पोटमाळ्याला त्याचाच पडदा अजून आहे. पाणी ओसरल्यावर बाबांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी 7-8-19 लिहिलं. नंतर दोनदा रंग दिला, पण तेवढी चौकट सोडून. आज टेप लावून मोजलं. जमिनीपासून 31 सेंटिमीटर.

आज मोजण्याचं कारण निराळं. चौथ्या सेमला सर्व्हेचं प्रॅक्टिकल झालं तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली होती. कॉलेजच्या मैदानात ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावून आम्ही त्याच चार खुंट्यांची उंची शंभरदा काढली असेल. वहीत बॅकसाइट, फोरसाइट म्हणजे मागच्या-पुढच्या खुंटीची रीडिंगं, खाली बेरीज, चुकलं की खाडाखोड. मैदान सपाट आहे हे डोळ्यांना दिसत होतंच. जिथे दिसत नाही तिथे का नाही मोजत? पण ते यंत्र घरी कोण देणार? मग माळ्यावर बाबांचा लेव्हल पाईप सापडला. माग बसवताना तो लागतो. माग कणभर जरी कलला तरी धोटा एका बाजूला मार खातो आणि काठ वाकडा येतो. बाबा गवंडी नाहीत, पण पाणसळीचं गवंड्याइतकंच कळतं त्यांना.

अर्ध्या इंची पारदर्शक पाईप, दहा मीटरहून लांब. त्यात पाणी भरायचं, दोन्ही टोकं वर धरायची, दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं. मग प्रत्येक टोकाला पाण्यापासून जमिनीपर्यंत टेप लावायचा, फरक म्हणजे उतार. शाळेतलं पोरही करेल. बाबा म्हणाले, "आत हवेचा बुडबुडा राहिला तर पाईप खोटं बोलतो. चालताना टोकावर अंगठा ठेव." पहिल्यांदा मी अंगठा काढायला विसरलो आणि एक रीडिंग चांगलं हातभर चुकलं. बाबा काही बोलले नाहीत. हसले मात्र.

सकाळी आठ ते साडेदहा, मी, बाबा आणि धाकटी बहीण वही घेऊन. गल्लीच्या तोंडापासून चौकातल्या मारुतीपर्यंत सत्तर मीटर, सात टप्पे. रस्त्यावर खडूने फुल्या. जिथे जिथे गटारावरची फरशी हलते तिथे ती उचलून आत सळई घालायची. सळई आधी गाळात रुतते, मग ठक्क करून तळाला लागते. दोन्ही आकडे लिहायचे. वास कसा होता ते लिहीत नाही.

गल्ली बघायला जमली. गणपतीचे दिवस, सगळे घरीच. मंडळाची पोरं विचारायला आली, "काय करूलास रे? महापालिकेत लागलास काय?" एका मावशींना वाटलं गटार नवीन होणार, त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या. आज्जीने तर कोपऱ्यावरच्या जुन्या कामाच्या फलकाकडे बोट दाखवून विचारलं, त्याच्यावर काय लिहिलंय ते सांग एकदा. फलक कन्नडमध्ये, आज्जी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मी वाचून दाखवलं: चरंडी म्हणजे गटार, मग कामाची रक्कम, मग मुदत. आज्जी म्हणाली, "एवढंच? उतार नाही लिहिला?"

नव्हताच लिहिला.

आता आकडे. आमच्यासारख्या गटाराला मी 1:200 उतार धरला, म्हणजे दोनशे मीटरला एक मीटर. त्या हिशेबाने सत्तर मीटरला 35 सेंटिमीटर पडायला हवेत. सांडपाण्याचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटर असेल तर गाळ वाहून जातो, त्याखाली गेला की बसायला लागतो. आमच्या गटाराचा तळ पहिल्या चाळीस मीटरात 18 सेंटिमीटर उतरतो, म्हणजे ठीक. पुढच्या वीस मीटरात तो 5 सेंटिमीटर चढतो. चढतो! शेवटच्या दहात पुन्हा 6 उतरतो. आणि जिथून चढ सुरू होतो तिथे सळईला वीतभर गाळ लागला. बरोबर आमच्या दारासमोर.

बहिणीने विचारलं, "मुद्दाम केलं असेल का?" नाही गं. माझा अंदाज असा की दोन तुकडे दोन वेगळ्या वर्षी, दोन वेगळ्या कामांत झाले. एकाने गल्लीच्या तोंडाकडून पातळी धरली, दुसऱ्याने चौकाकडून, आणि जिथे भेटले तिथे सिमेंटने बुजवून घरी गेले. चोरीबिरी नसेलही. कुणीतरी पाईप धरला नाही, एवढंच. मला राग त्याचाच जास्त आला. पैसे खाल्ले असते तर निदान शिव्या द्यायला कोणीतरी सापडलं असतं.

दुसरा आकडा उंबऱ्याचा. आमचा उंबरा रस्त्याच्या मध्यापेक्षा 14 सेंटिमीटर खाली आहे. आज्जी सांगते, ती लग्न होऊन आली तेव्हा दोन पायऱ्या चढून घरात यावं लागायचं. घर खचलं नाही, रस्ता वर आला. जुना थर न खरवडता त्याच्यावर नवीन डांबर, मग काँक्रीट. माझ्याच आठवणीत तीनदा. दरवेळी आम्ही पेढे वाटल्यासारखे खूश, रस्ता झाला म्हणून.

भाषणात स्मार्ट सिटी लिहिलीच आहे, तर तिच्याबद्दल एक. केंद्राच्या त्या योजनेत 2016 च्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा मी सहावीत होतो, शाळेत टाळ्या वाजवल्या होत्या. कामं झाली, रस्ते रुंद झाले, दिवे आले, मी नावं ठेवणार नाही. पण त्याच्या आधीचं, 2008 च्या सुमाराचं एक काम मला जास्त मोठं वाटतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जागतिक बँकेच्या मदतीने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गीच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू केलं. शहराचा छोटासा हिस्सा, पण झालं. माझी आत्या त्यातल्या एका भागात राहते. तिच्याकडे गेलो की मी मुद्दाम नळ सोडून बघायचो, लहान असताना. आता कळतं ती काय चीज होती. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं. पाणी बंद झालं की पाईप रिकामा पडतो, आत दाब राहत नाही, आणि जिथे सांधा गळका असेल तिथून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर काय असतं? गटार. पाणी आलं की पहिली बादली आई का ओतून देते, ते मला तिसऱ्या वर्षात समजलं. तिला आधीपासून ठाऊक होतं, कारण माहीत नसताना.

दुपारी जेवायला काका आले. त्यांचं शिवारात अडीच एकर, इंद्रायणीचं भात. मी उत्साहात त्यांना आकडेमोड दाखवायला बसलो. अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर. तासाला 60 मिलिमीटर पाऊस धरला आणि जमीन मोकळी असली, तर सेकंदाला पन्नासेक लिटर पाणी वाहून बाहेर येतं. बांध घातलेलं भाताचं खाचर असेल तर त्याहून कमीच. त्याच जागेवर स्लॅब आणि काँक्रीट झालं की तेच दीडशे लिटर होतं. तिप्पट. "म्हणजे तुमचं शेत आहे म्हणून आमची गल्ली थोडी तरी कोरडी आहे," मी म्हणालो.

काका भात कालवत होते. म्हणाले, "मग माझं भात दरवर्षी नाल्याच्या पाण्यात आठ-आठ दिवस बुडतं त्याचं बिल कुणाला लावू? तुझ्या गल्लीला?" मग म्हणाले, "तू पण एक दिवस आमच्याच शेतात खुंट्या मारायला येणार बघ." हलगा-मच्छे बायपाससाठी शिवारात खुंट्या आल्या तेव्हा शेतकरी आडवे झाले होते, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. काकांच्या तोंडी इंजिनीअर हा शब्द तेव्हापासून शिवीसारखा येतो. मी गप्प बसलो. आई म्हणाली, "जेवू द्या पोराला." मला काही सुचलं असतं तरी बोललो नसतो, कारण त्यांचं खोटं नाही. खुंटी मारणाराच्या हातात पण लेव्हलच असते.

इंजिनीअर्स डे ज्यांच्यामुळे, त्या इंजिनीअर विश्वेश्वरय्यांचा आज जन्मदिवस, 1861 चा. आमचं विद्यापीठ त्यांच्याच नावाचं, 1998 पासून इथे बेळगावात. त्यांच्यावर उद्या सगळेच बोलतील, कृष्णराजसागर धरण वगैरे. मला गंमत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. कन्नड मुलखातला हा मुलगा इंजिनीअरिंग शिकला पुण्यात, 1883 ला परीक्षा पास झाला, आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत धुळे-नाशिककडे फिरला. आणि मी वडगावचा मराठी पोरगा त्यांच्या नावाची कर्नाटकातली डिग्री घेणार. सीमाभागात एवढा हिशेब फिटला तरी खूप.

आणि हैदराबादची गोष्ट. 1908 ला मुसी नदीने शहर धुऊन नेलं, तेव्हा त्यांना बोलावलं. त्यांनी फक्त शहरात भिंती आणि गटारं नाही सुचवली, तर वर, शहराच्या बाहेर पाणी अडवून धरायला सांगितलं. त्यातून उस्मानसागर 1920 मध्ये आणि हिमायतसागर 1927 मध्ये, असे दोन तलाव झाले. पाणी गल्लीत आल्यावर काय करायचं, ह्याच्या आधी ते गल्लीत एकदम का येतं हे विचारणं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर ह्याच बाजूला कुठेतरी असणार, पण मला अजून नीट मांडता येत नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या शेताला शहराने काहीतरी द्यावं, असं काहीतरी. आकडे हवेत त्याला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, आता ह्या वहीचं काय करणार. वॉर्डाच्या ऑफिसात अर्ज द्यावा म्हणतो. कन्नडमध्ये लिहावा लागेल, ते मी लिहीन. सोबत उताराचा आलेख, मिलिमीटर कागदावर काढलेला. त्यात तो वीस मीटरचा उलटा चढ पाठीवर कुबड आल्यासारखा दिसतो. अर्जाचं काय होईल मला माहीत आहे. वीस मीटरचं गटार फोडून पुन्हा घालायला फार पैसे लागत नाहीत, आणि म्हणूनच त्यात कुणाला रस नसतो. तरी देणार.

भाषण काही बदललं नाही. सरांना तेच आवडेल, आणि दोन मिनिटांत गटाराचा तळ सांगून होत नाही. फक्त शेवटचं वाक्य खोडलं, देशाच्या उभारणीचं.

रंगीत दिव्यांची माळ अजून चालू आहे चौकात, परवा विसर्जन. मघाशी त्या चहावाल्या मावशी येऊन गेल्या. त्यांच्या मागच्या गल्लीतलं पण मोजून हवंय, तिथे तर पाऊस नसताना पाणी उभं असतं म्हणे. पुढच्या रविवारी सातला जातो म्हणून सांगितलंय. बाबा येणार नाहीत, मागावर ऑर्डर आहे. बहिणीला पाईप धरायला शिकवायला पाहिजे. आणि खडू संपलेत.